ग्रंथात लिहिलंय म्हणून देव आहे, हे धड कसं मांडायचं

जेवण झाल्यावर भाचीने विचारलं, "मामा, तू देव आहे म्हणतोस ते कशावरून?" मी आपलं सहज म्हणालो, ग्रंथात सांगितलंय म्हणून. "आणि ग्रंथ खरा कशावरून?" म्हटलं अगं, तो देवाचाच शब्द आहे ना. ती काही बोलली नाही, रिकाम्या ताटाच्या कडेवरून बोट गोल फिरवत नेलं, जिथून सुरू केलं तिथेच आणून ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. चौदा वर्षांची पोरगी. मला काही सुचलं नाही, नुसता चिडलो, आणि चिडलो म्हणजे हरलो हे तिलाही कळलं.

त्यानंतर बरंच वाचलं, लोकांशी वाद घातले, काहींत परत तोंडावर पडलो, त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. देव आहे की नाही हे सिद्ध करायला मी बसलेलो नाही, तेवढा माझा आवाका नाही. ज्याचा आधार ग्रंथ आणि श्रद्धा हाच आहे त्याने तो कसा मांडायचा, कुठे तो वजन पेलतो आणि कुठे पाय घसरतो, एवढंच. पलीकडे बसून प्रश्न विचारणाऱ्यांनाही उपयोग होईल कारण त्यांचेही नेम बऱ्याचदा चुकतात.

आधी वाक्याचे तुकडे करा

"ग्रंथात लिहिलंय" या एका वाक्यात चार दावे दाबून भरलेले असतात. ग्रंथ मुळात जसा होता तसाच आपल्यापर्यंत आला. तो खरंच तेच सांगतो जे मी म्हणतोय. सांगणाऱ्याला ते माहीत होतं. आणि म्हणून ते खरं आहे. बहुतेक लोक पहिला दावा जीव तोडून सिद्ध करतात आणि थेट चौथ्यावर उडी मारतात, मधले दोन गायब.

पहिल्या दाव्याचे पुरावे जबरदस्त आहेत यात वाद नाही. वेदांचं पाठांतर बघा, पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ, म्हणजे तेच शब्द एकदा सरळ, मग उलटे, परत सरळ असे गुंफून म्हणायचे, त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लगेच पकडलं जातं, लिहून न ठेवता हजारो वर्षं टिकवायची ही सिस्टिम माणसांनी नुसत्या तोंडावर आणि कानावर उभी केली. कुराण अख्खं पाठ असणारे हाफिज आजही जगभर आहेत. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ मध्ये बायबलमधल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी सापडली, ती तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षांनी जुनी, आणि मजकूर बराचसा तोच निघाला, फरक मुख्यतः स्पेलिंगचे आणि काही शब्दांचे. ऐकून अंगावर काटा येतो, माझ्या तरी आला.

पण यातून सिद्ध काय झालं? पोस्टमन प्रामाणिक होता, एवढंच. पत्र न फुटता पोचलं म्हणजे पत्रातला मजकूर खरा, असं होत नाही. हे वाक्य मी स्वतःला मुद्दाम सांगत असतो कारण वादात याच पुराव्यावर उभं राहायचा मोह सगळ्यात जास्त होतो.

दुसरा दावा तर लोक बघतच नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय, त्याचा शेवट काय आहे? ही सृष्टी कुठून झाली हे परम आकाशात बसलेल्या त्या अध्यक्षालाच माहीत, किंवा कदाचित त्यालाही माहीत नसेल. हे ग्रंथातच आहे बरं का, विरोधकाने घातलेलं नाही. आणि ब्रह्मसूत्रं, म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ, एकच, तरी शंकराचार्य, रामानुज आणि मध्व यांना त्यात तीन वेगळी तत्त्वज्ञानं दिसली. म्हणजे "ग्रंथ सांगतो" हे खरं तर "माझ्या परंपरेने लावलेला अर्थ सांगतो" असं म्हणायला पाहिजे. तसं म्हणून बघा, आवाज आपोआप खाली येतो.

जाता जाता एक गंमत. आपण आस्तिक म्हणजे देव मानणारा असं धरून चालतो, पण दर्शनांच्या, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, जुन्या हिशोबात आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. सांख्य आस्तिकांत मोडतात आणि त्यांच्या सूत्रांत "ईश्वरासिद्धेः" असं चक्क लिहिलंय, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. मीमांसक तर वेदाचे सगळ्यात कट्टर रखवालदार, आणि त्यातल्या कुमारिल भट्टांनी सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराच्या कल्पनेवरच हल्ला चढवला. तर ग्रंथ मानला की देव आपोआप पदरात पडतो, असं काही नाही.

तो गोल कसा तोडायचा

भाचीने काढलेला गोल नवा नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्रवाल्या पंडितांना आपलं पुस्तक अर्पण करताना हेच लिहिलं होतं, की ग्रंथ सांगतो म्हणून देव मानायचा आणि देवाकडून आला म्हणून ग्रंथ मानायचा हे आपल्याला पटतं, पण न मानणाऱ्यापुढे ठेवता येत नाही, तो म्हणेल तुम्ही गोल गोल फिरताय. देकार्त स्वतः श्रद्धाळूच होता, त्याला फक्त कळत होतं की घरातला युक्तिवाद घराबाहेर चालत नाही.

यातून सुटायच्या माझ्या माहितीत तीन वाटा आहेत आणि तुम्ही कुठल्या वाटेने चाललाय हे आधी ठरवा, तिन्हींवर एकदम पाय ठेवला की पडलातच.

नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, वाट अशी की देव आधी ग्रंथाशिवाय सिद्ध करायचा. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता आहे, हे अनुमान, आणि मग त्या कर्त्याचा शब्द म्हणून वेद प्रमाण. उदयनाचार्यांनी हे अनुमान फार मेहनतीने उभं केलं. फायदा असा की गोल तुटतो. तोटा असा की आता सगळा भार घड्यावर आला, ग्रंथ मागच्या बाकावर गेला. आणि हे अनुमान तोडलं कोणी तर नास्तिकांच्या बरोबरीने रामानुजाचार्यांनीही. त्यांचं म्हणणं, एवढं मोठं जग एकाच कर्त्याने केलं कशावरून, मोठी बांधकामं अनेक जण मिळून करतात, तेव्हा अनुमानाने ईश्वर हाती लागत नाही, तो फक्त शास्त्रानेच कळतो. एवढा मोठा भक्त आणि तोच देवाच्या बाजूचा पुरावा कोर्टातून काढून टाकतोय, मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

मीमांसकांची वाट उलटी. ग्रंथाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय, आणि चुका या नेहमी बोलणाऱ्याच्या असतात, बोलणाराच नाही तर चूक कोणाची? लॉजिक चलाख आहे, पण देव हवा असेल तर या वाटेने जाऊन उपयोग नाही, वर सांगितलंच.

तिसरी वेदान्त्यांची, आणि इथे जरा थांबा. ब्रह्मसूत्रांतलं तिसरंच सूत्र आहे, "शास्त्रयोनित्वात्". शंकराचार्य त्याचे दोन अर्थ देतात. एक, ब्रह्म, म्हणजे वेदान्तातलं परमतत्त्व, हे शास्त्राचं उगमस्थान आहे. दोन, शास्त्र हे ब्रह्म कळण्याचं साधन आहे. म्हणजे बघा, माझ्या भाचीचा आख्खा गोल एका शब्दात! ब्रह्मापासून शास्त्र आणि शास्त्रापासून ब्रह्म. मग हे एवढ्या मोठ्या माणसाला दिसलं नाही का? मला उलगडा झाला तो धुराच्या उदाहरणाने. धूर विस्तवापासून निघतो, पण विस्तव आहे हे आपल्याला धुरावरून कळतं. निघण्याचा क्रम एक आणि कळण्याचा क्रम बरोबर उलटा, त्यात गोल कुठेच नाही, एकाच रस्त्याने एकदा येणं आणि एकदा जाणं आहे. ग्रंथ देवापासून आला हे आधी गृहीत धरून मी ग्रंथावर विश्वास ठेवला तर गोल. ग्रंथावर विश्वास ठेवायला माझ्याकडे स्वतंत्र काही कारण असेल, आणि मग ग्रंथानेच सांगितलं की माझा उगम तिकडे आहे, तर गोल नाही.

सगळा खेळ त्या "स्वतंत्र काही कारण" मध्ये आहे.

ग्रंथाला साक्षीदार समजा आणि उलटतपासणी घ्या

पुरावा म्हटलं की आपल्याला टेबलावर ठेवलेली वस्तू आठवते, ग्रंथ तसा नाही. तो साक्षीदार आहे, कोणीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय. याला आपल्याकडे शब्दप्रमाण म्हणतात, आणि ते हलक्यात घेऊ नका, तुम्हाला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी तशाच कळलेल्या आहेत. तुमची जन्मतारीख सांगा बरं. तुम्ही तिथे होतात खरे पण साक्ष द्यायच्या अवस्थेत नव्हतात.

माझंच सांगतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आहे आणि आई दुसरीच सांगायची, पाच दिवसांचा फरक. दाखल्यावर शिक्का, सही, सगळं. आईकडे कागद काही नाही, तिला फक्त आठवत होतं की आदल्या रात्री वीज गेली होती आणि सकाळी माझा आवाज ऐकून शेजारीण आली. मी आयुष्यभर आईचीच तारीख धरली. का? कारण ती तिथे होती, दाखला लिहिणाऱ्याला कोणीतरी येऊन सांगितलं होतं. तिला खोटं सांगून काही मिळणार नव्हतं. आणि बाकीच्या गोष्टींत ती मला कधी फसवताना दिसली नव्हती. एवढ्यावरच मी शिक्क्याविरुद्ध गेलो, आणि कोणी मला अंधश्रद्धाळू म्हणालं नाही.

न्यायसूत्रांत हेच आहे, "आप्तोपदेशः शब्दः", भरवशाच्या माणसाचं सांगणं म्हणजे शब्दप्रमाण. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे हां, या सूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी अर्थ दिलाय की ज्याने ती गोष्ट साक्षात अनुभवली आहे आणि जशी दिसली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे म्हणतात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. त्या काळी हे वाक्य! म्हणजे ऋषी आहे म्हणून सूट नाही आणि परका आहे म्हणून हकालपट्टी नाही.

तर आपल्या ग्रंथाला हे प्रश्न विचारा, कागदावर लिहून विचारले तर उत्तम. सांगणाऱ्याने ते अनुभवलंय की ऐकलंय? सांगून त्याला काय मिळालं, सत्ता, पैसा, की हाल? जिथे पडताळता येतं तिथे तो किती वेळा बरोबर निघतो? शेवटचा प्रश्न न्यायसूत्रांतलाच, तिथे म्हटलंय वेदाचं प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेदाच्या प्रामाण्यासारखं आहे, म्हणजे दिसणाऱ्या बाबतीत ज्याचा शब्द खरा ठरतो त्याचा न दिसणाऱ्या बाबतीतही धरावा. यातली कच्ची जागा तुम्हाला दिसलीच असेल, औषधात हुशार असलेला माणूस स्वर्गाबद्दल बरोबर असेलच असं नाही. मी हा मुद्दा वापरतो पण हळूच, त्यावर जास्त वजन देत नाही.

चमत्काराची साक्ष असेल तर ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा १७४८ चा प्रश्न टाळू नका, की ही घटना घडणं जास्त अचाट की सांगणाऱ्याची चूक होणं जास्त अचाट? जे कमी अचाट ते धरा. देव आधीच मानणाऱ्याला चमत्कार तेवढा अचाट वाटत नाही आणि न मानणाऱ्याला वाटतो, म्हणून चमत्कारावरून देव पटवायला जाल तर वाद जिथल्या तिथे फिरतो. माझा सल्ला, चमत्कार सोडून द्या.

आणि सायन्स तर मुळीच आणू नका. "हे सगळं आपल्या ग्रंथात आधीच होतं" असले मेसेज सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येतात ना, ते पाठवणाऱ्यांना कळत नाही की त्यांनी ग्रंथाला सायन्सच्या दारात सर्टिफिकेट मागायला उभं केलंय. उद्या थिअरी बदलली मग? शंकराचार्यांनी गीताभाष्यात स्वच्छ लिहिलंय की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. त्यांचा नियम सोपा, डोळ्याने आणि तर्काने जिथे पोचता येतं तिथे ग्रंथाचं काम नाही, जिथे पोचता येत नाही तिथेच त्याचं काम. हा नियम पाळला तर तुमचे निम्मे वाद होणारच नाहीत.

ग्रंथाचं नाव बदलून बघा

ही टेस्ट मी कोणाकडून शिकलो नाही, हरून हरून सापडली. तुमचा युक्तिवाद एका कागदावर लिहा. मग तुमच्या ग्रंथाचं नाव खोडून तिथे दुसऱ्या कुठल्यातरी धर्माच्या ग्रंथाचं नाव घाला आणि मोठ्याने वाचा. "हा इतका सुंदर आहे की माणूस लिहूच शकत नाही." कुराण हे आव्हानच देतं, शंका असेल तर यासारखी एक सूरा, म्हणजे अध्याय, करून आणा. मुसलमान वाचकाला ते पटतं, मग तुम्हाला का नाही पटत? "इतक्या कोटी लोकांनी मानलंय." बरं. "याच्यासाठी लोकांनी जीव दिला." सगळ्यांसाठीच दिलाय. जे वाक्य नाव बदलल्यावर तुम्हाला लंगडं वाटतं ते तुमच्या नावासकटही लंगडंच होतं, फक्त सवयीने दिसत नव्हतं.

शिवाय जैन आगम आणि बौद्ध त्रिपिटक आहेतच, तेही ग्रंथ, तेही तितक्याच निष्ठेने जपलेले, आणि त्यांत जग निर्माण करणारा देव नाही. मग नुसतं "ग्रंथ सांगतात" म्हणून कसं भागेल, कुठला ग्रंथ आणि का, हे सांगावंच लागतं. काही जण म्हणतात तपशील सोडा, गाभा सगळ्यांचा एकच, पण तो गाभा काढताना प्रत्येक जण नेमका स्वतःचाच धर्म काढतो असा माझा अनुभव आहे. मला त्यापेक्षा सरळ कबुली बरी वाटते, मी या परंपरेत वाढलो, याच साक्षीदाराला मी सगळ्यात जवळून ओळखतो, बाकीच्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही.

श्रद्धा कुठे ठेवायची

श्रद्धेला पुराव्यांच्या रांगेत उभं करू नका. "माझी एवढी श्रद्धा आहे, मग देव असणारच" हे चुकतं कारण ते वाक्य देवाबद्दल काहीच सांगत नाही, माझ्याबद्दल सांगतं. "श्रद्धेने माझं आयुष्य सावरलं" हेही तसंच, खरं असेल, मोलाचंही असेल, पण त्यातून श्रद्धेचा गुण सिद्ध होतो, देवाचं असणं नाही.

मग ती कुठे बसते? साक्ष ऐकली, उलटतपासणी झाली, आणि तरी मधे थोडी जागा उरली, निकाल पुराव्याने लागत नाहीये, तिथे. या उरलेल्या जागेवरून फार जुनं भांडण आहे. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका जहाजमालकाची गोष्ट मांडली, जहाज जुनं, डागडुजी करायला हवी, पण मालकाने स्वतःची समजूत घातली की इतक्या सफरी झाल्या, देव सांभाळेल, आणि माणसं भरून सोडून दिलं. बुडालं. क्लिफर्ड म्हणतो बुडालं नसतं तरी तो दोषीच, कारण तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने उत्तर दिलं, की पुराव्याने निकाल लागण्यासारखा असेल तिथे क्लिफर्डचं ठीक, पण काही प्रश्न असे असतात की निवड जिवंत असते, मोठी असते, टाळता येत नाही, आणि पुरावा निकाल देत नाही, तिथे "थांबतो" म्हणणं हीसुद्धा एक निवडच असते, मग मनाचा कौल घ्यायला हरकत काय?

मला दोघंही पटतात आणि मी त्यातून एक कामचलाऊ नियम केलाय. श्रद्धेची किंमत मी स्वतः भरणार असेन तर जेम्स, दुसऱ्या कोणाला भरावी लागणार असेल तर क्लिफर्ड. औषध बंद करून नुसत्या प्रार्थनेवर आजारी माणूस ठेवायचा, ही जहाजमालकाची श्रद्धा झाली.

अजून एक बाजू आहे. प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाचं म्हणणं की देवावरचा विश्वास हा आठवणीसारखा पायाभूत असू शकतो, काल संध्याकाळी मी चालायला गेलो होतो हे मी कुठल्या पुराव्यावरून मानत नाही, मला आठवतं, बस. ऐकायला छान आहे, पण उद्या कोणीही उठून काहीही पायाभूत म्हणेल त्याचं काय हा प्रश्न त्याच्यामागे लागला तो लागलाच. ज्याला आतून तसं जाणवतं त्याला हे समाधान देईल, वादात मात्र याचा उपयोग शून्य.

समोर कोण बसलंय ते बघा

थॉमस अक्वायनस या मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडिताची एक गोष्ट मला फार प्रॅक्टिकल वाटते. तो म्हणतो समोरचा ग्रंथातलं थोडंफार मानत असेल तर ग्रंथाच्या आधाराने वाद घालता येतो, काहीच मानत नसेल तर ग्रंथातल्या गोष्टी त्याला सिद्ध करून दाखवता येत नाहीत, फक्त त्याच्या आक्षेपांना उत्तरं देता येतात. म्हणजे तिथे तुमचं काम जिंकणं नाहीच, आपण जे मानतो ते मूर्खपणाचं नाही एवढं दाखवलं तरी झालं. हे कळल्यापासून माझं बीपी बरं आहे.

बोलायचं कसं याचा एक नमुना देतो. "ग्रंथात लिहिलंय म्हणून देव आहे, तुला अक्कल नाही" हे नको. त्याऐवजी असं काहीसं: "ज्यांनी अनुभवलं असं सांगितलं त्यांचा शब्द मी तपासून बघितला, बऱ्याच बाबतीत ते मला भरवशाचे वाटले, जे मला तपासता येत नाही तिथे मी त्यांच्यावर भरवसा टाकलाय, चुकत असेन, पण उगाच नाही टाकलेला." लांबलचक आहे, घोषणा देता येत नाही याची, पण यातलं एक वाक्यही मागे घ्यावं लागत नाही.

हे सगळं घेऊन मी परत भाचीकडे गेलो, मधे वर्ष दीड वर्ष गेलं होतं. धूर आणि विस्तवाचं तिला सांगितलं, तिने नीट ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मामा, पण लांबून धुकंही धुरासारखंच दिसतं. तुला दिसतोय तो धूर कशावरून?"

या वेळी चिडलो नाही. म्हटलं, लांबून नाही कळत, जवळ जावं लागतं.

"मग तो ग्रंथ दे, बघते जवळ जाऊन," म्हणाली. कपाटातली माझी प्रत काढून दिली, समासात पेन्सिलीने मी चार ठिकाणी प्रश्नचिन्हं केलेली होती ती तशीच राहू दिली. अजून परत आलेली नाही. परवा फोनवर एवढंच म्हणाली की प्रश्नचिन्हं चारच कशी, तिची आत्ताच अकरा झालीत.